जाळी कोण घासणार?

आखाड लागला की आमच्या घरातल्या पुरुषांच्या अंगात येतं. एरवी चहाचा कप सिंकपर्यंत न पोचवणारी ही माणसं आखाडात एकदम पाककलेवर बोलायला लागतात. यंदाही तेच. परवा मी मंडईतून आले, पिशव्या ओट्यावर आपटल्या, ओल्या कोथिंबिरीचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि आमचे हे सोफ्यावर फोन नाकाशी धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "हे बघ, स्मोकर. मटण धुरावर शिजतं. लो-मेंटेनन्स आहे म्हणे. काही म्हणजे काही करावं लागत नाही."

"कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"काही करावं लागत नाही, ते कुणाला?"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणाले आणि पुन्हा फोनात शिरले.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, आणि माझ्या नाकात तो मागच्या वर्षीचा वास आला. गार होऊन थिजलेल्या चरबीचा, भिजलेल्या राखेचा आणि गंजाचा. घरात त्या वेळी फक्त कोथिंबीर आणि आलं होतं, पण वास आला तो आलाच. कितीही साबण लावा, नखांच्या कडेला राहतो तो वास. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना कणकेला येतो. ज्यांनी मटण नुसतं खाल्लं त्यांना हा वास माहीत नाही, आणि हीच तर माझी तक्रार आहे.

एक स्पष्ट सांगते, नाहीतर उगाच कुणी म्हणेल की बाईला मटणाचं वावडं आहे. मला मटण आवडतं. मी शेतकऱ्याच्या घरची, नळी फोडून खाणारी. धुराचा वास लागलेल्या मटणाची चवही मला कळते. श्रावण लागायच्या आधी महिनाभर घरोघरी जे चाललेलं असतं, लेकी-जावयांना बोलावणं, रश्श्याचा वास जिन्यात दरवळणं, ते सगळं मला हवंहवंसं वाटतं. बिबवेवाडीत आमच्या इमारतीत आखाडातल्या रविवारी कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते मी डोळे मिटून सांगेन. माझा राग मटणावर नाही.

माझं माहेर पुण्याच्याच कडेचं. आता कडेचं म्हणायचीही सोय राहिली नाही, महापालिकेने कधीच पोटात घातलं. पण मी लहान असताना तिथे पाट होता, बांध होते, आणि बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा होता. आखाडात त्याला बोकड. सगळी भावकी रानात जमायची, पण फक्त पुरुष. बोकड कापायचे ते, मसाला वाटायचे ते, चुलवण पेटवायचे ते. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. मी लांबून, शेजारच्या वाफ्यातून बघायचे. आणि जेवणं झाल्यावर जे दिसायचं ते मी आयुष्यात विसरणार नाही. माझे वडील, चुलते, थोरला भाऊ, सगळे धोतरं-पायजमे गुडघ्यावर खोचून पाटाच्या कडेला ओळीने उकिडवे बसलेले आणि भली मोठी पातेली राखेने घासत असलेले. वडिलांसारखा माणूस, ज्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा!

कारण दंडकच तसा होता. म्हसोबाचं रानात शिजलेलं रानातच संपवायचं. घरी न्यायचं नाही, आणि खरकटं भांडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. "म्हसोबा लई कडक हाय," थोरला भाऊ मला सांगायचा. "भांड्याला वशाट ऱ्हायलं तर बैल आजारी पडत्यात." म्हणून मग पाण्यात पातेलं धरून, उन्हाला तिरकं करून, एकेक कड तपासायचे. भांडी घरी यायची ती तोंड दिसेल अशी लखलखीत. आणि आई? आई त्या दिवशी ओसरीवर पाय पसरून बसायची. मांडीवर भुईमुगाच्या शेंगा. सोलून डब्यात भरायच्या नाहीत, नुसत्या खायच्या. तिच्या दातांखाली फुटणाऱ्या शेंगांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाईला तिकडे फिरकू द्यायचं नाही, याचा मला लहानपणी राग यायचा. आता वाटतं, देवाने निदान पातेली तरी त्यांच्या हातात दिली होती. आता ते रान गेलं, पाट बुजला, म्हसोबा दोन इमारतींच्या पार्किंगमध्ये ग्रिलच्या आत बसलाय. मटण मात्र आलं घरात. टेरेसवर आलं. उघड्या जाळावर मांस भाजणं हे पुरुषाचं काम, एवढा अर्धाच दंडक आमच्या लोकांनी सोबत आणला. घासण्याचा अर्धा तिकडेच राहिला. देवाला भिऊन घासत होते हो ते. बायकोला कोण भितो?

मागच्या वर्षीचा आखाड माझ्या सुनेचा आमच्या घरातला पहिला. पल्लवी तिचं नाव. कऱ्हाडची. एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि स्वतः सीएच्या शेवटच्या ग्रुपला बसते. लग्न ठरवायच्या बैठकीत तिने एकच गोष्ट मागितली होती. मान खाली घालून नाही, नीट समोर बघून. म्हणाली, "बाकी आठवडाभर मी ऑफिस करून सगळं करेन. रविवार मला अभ्यासाला लागेल." आणि आमचे हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, रविवार तुमचाच! आमच्याकडे कसलंही बंधन नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

आखाडाच्या तोंडावर आमच्या मुलाने, अनिकेतने, कंपनीतल्या कुठल्याशा मित्राचं ऐकून स्मोकर आणला. काळंकुळकुळीत पिंप. माझ्या छातीला लागेल एवढं. खाली कोळसा-लाकूड पेटवायचं, वर दोन लोखंडी जाळ्या, त्यांच्याखाली चरबी साठायला ट्रे, सगळ्यात खाली राखेचा कप्पा, झाकणावर तापमानाचं घड्याळ. लिफ्टमध्ये मावेना. बापलेकांनी जिन्याने चढवलं, प्रत्येक मजल्यावर टेकवत, प्रत्येक मजल्यावर दार उघडून कुणीतरी विचारणार, "पाण्याची टाकी का?" आणि अनिकेत अभिमानाने समजावून सांगणार.

टेरेसवर पत्र्याच्या शेडखाली माझं वॉशिंग मशीन होतं, ते सरकवून पिंपाला जागा झाली. मग पूजा! आमच्याकडे लोखंडाची कुठलीही वस्तू पूजेशिवाय चालू होत नाही. स्कूटर असो, पाण्याची मोटर असो. ह्यांनी झाकणावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि नारळ कुठे फोडावा? खाली फरशीवर फोडला तर फरशी तडकेल, म्हणून त्या पिंपाच्याच काठावर. दणकून. रंगाचा टवका उडाला आणि नारळाचं पाणी कडेने आत गेलं. आठवड्याच्या आत गंज धरला तो नेमका तिथेच. सोबत एक पुस्तिका आली होती. आतून तेल लावा, रिकामं पेटवून तापवा, ओलं ठेवू नका, असं सगळं त्यात चित्रांसकट होतं. ती मी वाचली. कारण ती मिक्सरच्या पुस्तिकांबरोबर ठेवायला माझ्याच हातात दिली गेली.

पहिल्या रविवारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला. ह्यांनी कसब्यातल्या आपल्या जुन्या दुकानातूनच मटण आणलं, गाडी लांब लावून, बोळांतून चालत जाऊन, आणि त्या चालण्याचं वर्णन दुपारपर्यंत चाललं. पल्लवी आणि मी सकाळपासून उभ्या. आलं-लसूण वाटणं, दह्यात मुरवणं, भाकरी, भात, कांदा-लिंबू, आणि रस्सासुद्धा. कारण भाजलेलं कितीही झालं तरी आमच्या पाहुण्यांचं रश्श्याशिवाय जेवण होत नाही. तिकडे टेरेसवर तिघं पुरुष हातात चिमटे घेऊन उभे. धूर डोळ्यांत जातोय, पत्र्यावर पाऊस वाजतोय, मध्येच कुणीतरी झाकण उचलून बघतंय, बाकीचे "अरे, उघडू नको" म्हणून ओरडतायत. आणि मी भाकऱ्यांची दुरडी घेऊन गेले तेव्हा आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "आज बायकांना सुट्टी!"

मी दुरडी हातात धरून तशीच उभी राहिले. हाताला भाकरीची वाफ लागत होती. वाटलं, ही दुरडी ह्यांच्या डोक्यात घालावी. घातली नाही. पाहुणे होते.

मटण जेवायला आलं तेव्हा दुपार कलली होती. वरून कोळसा, आतून गुलाबी, आणि हाडाजवळ चिवट. सगळ्यांनी वाहवा केली. फोटो निघाले. सगळ्यात जास्त खपला तो रस्सा, पण त्याचा फोटो कुणी काढला नाही. मग ढेकरा देऊन पुरुष मंडळी आडवी झाली, पंखा वाढवला, घोरायला लागली.

टेरेसवर ते पिंप उभं होतं. आता जाळी घासणं म्हणजे काय ते ऐका. चरबी गरम असते तोवर हात लावता येत नाही, आणि गार झाली की सोडत नाही. दह्याचा मसाला जळून सळईसळईला पापडासारखा चिकटलेला. आधी उलथन्याने खरवडायचं, मग उकळतं पाणी आणि सोडा, मग तारेची घासणी, आणि घासणीची तार बोटात शिरते ती वेगळीच. ट्रेमध्ये साठलेली चरबी सिंकमध्ये ओतली तर पाइप तुंबतो, म्हणून ती कागदात गोळा करून टाकायची. राख पावसाने ओली झाली की तिचा चिखल, आणि तो हाताला चावतो. पातेलं घासून ठेवलं की झालं, असं इथे नसतं. झाकणाच्या आतून काजळी पुसायची, नाहीतर पुढच्या वेळी ती मटणावर पडते.

माझा उजवा खांदा धरलेला. मी पदर खोचत होते तेवढ्यात पल्लवी आली. "आई, तुम्ही नका. मी करते."

"तुझा अभ्यास आहे."

"अभ्यासही करते." तिने वॉशिंग मशीनच्या झाकणावर पुस्तक उघडं ठेवलं, पाऊस उडू नये म्हणून वर प्लास्टिक घातलं, चिमट्याचं वजन ठेवलं, आणि जाळी घासत घासत मान वर करून वाचायला लागली. हात कोपरापर्यंत काळे. थोड्या वेळाने मला म्हणाली, "आई, जरा पान उलटता?"

मी पान उलटलं. आयकराचं काहीतरी होतं, बारीक अक्षरात. ती ओठ हलवत वाचायची, खाली बघून घासायची, पुन्हा म्हणायची, "आई, पान." मी स्टुलावर बसून तिची पानं उलटत राहिले. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

मी आत जाऊन अनिकेतला उठवलंच. मी काही गप्प बसणारी बाई नाही. "उठ. तुझी बायको बाहेर जाळ्या घासतेय. परीक्षा तिची आहे." तो उठून बसला, डोळे चोळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "अगं, तिला सांग ना ठेवून दे म्हणून. मी करतो संध्याकाळी." संध्याकाळी पाऊस होता. रात्री मॅच होती. सोमवारी ऑफिस. हे "ठेव ना, मी करतो" ज्याने शोधून काढलं त्याच्या हुशारीला सलाम. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण काम केलंच. आणि ठेवलं तर काय होतं, तेही आम्ही एकदा बघितलं. पुढच्या शनिवारी झाकण उघडलं तर जाळीवर हिरवी-पांढरी बुरशी, ट्रेमध्ये मुंग्या, आणि कुठलंसं मांजर आत तोंड घालून गेलेलं. पाहुण्यांना तर बोलावून ठेवलेलं. मग ती बुरशी कोणी काढली? विचारू नका.

आखाडातला एक रविवार रिकामा गेला नाही. कधी ह्यांचे मित्र, कधी अनिकेतचे. खालच्या मजल्यावरच्या रेहानाभाभी एकदा वाळत घातलेले कपडे घेऊन वर आल्या. सगळ्या दुपट्ट्यांना धुराचा वास. रागावल्या नाहीत, टेरेसवर डोकावल्या आणि म्हणाल्या, "ताई, एवढ्या खटाटोपापेक्षा आमच्यासारखं करा ना. मटण शिजलं की मधोमध वाटी ठेवायची, वाटीत पेटता कोळसा, वर चमचाभर तूप, आणि झाकण. धुराचा वास हाडापर्यंत जातो. घासायला काय, एक वाटी."

मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "ते वेगळं." ते वेगळं कारण त्यात चिमटे घेऊन उभं राहता येत नाही. त्यात कुणी बघायला येत नाही.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, दिव्यांच्या अवसेला, शेवटची पार्टी झाली. मी आत चिंच लावून समया घासत होते, पल्लवी बाहेर जाळ्या. दोघींच्या घासण्याचा आवाज एकाच लयीत. मी बाहेर जाऊन बघितलं तर वॉशिंग मशीनवर पुस्तक नव्हतं.

"पुस्तक कुठंय गं?"

"असू द्या आई. दोन्ही धड होत नाही."

"मग जाळी ठेव आणि पुस्तक घे!"

ती हसली. "सवय झालीये आता," म्हणाली. महिनाभरात झाली होती सवय. मला त्या शब्दाचा इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडले, "सवय करून घेऊ नकोस!" ती दचकली. घासणी तिच्या हातातून पडली, तिने ती उचलली, आणि पुन्हा घासायला लागली.

निकाल लागला तेव्हा ग्रुप थोडक्यात गेला होता. पल्लवी दोन दिवस नीट जेवली नाही, पण ऑफिसला गेली. आमच्या ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून समजूत काढली. "नशीब असतं बाळा एकेकाचं. पुढच्या वेळी नक्की." त्यांचं प्रेम खरं होतं, ते मी नाकारत नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. पण टेरेसवर ते पिंप पावसात गंजत उभं होतं, नारळ फोडलेल्या जागी आरपार भोक पडलेलं, आणि त्या भोकाकडे एकदाही कुणाचं लक्ष गेलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत मी भंगारवाल्याला वर बोलावलं आणि म्हटलं, उचल. त्याने विचारलं, "टाकी का?"

तर आता यंदा. गेले चार-आठ दिवस घरात हेच चाललंय. कुठला घ्यायचा? पिंपाचा नको, पिंपाचा अनुभव वाईट, असं बापलेकांचं एकमत. वाईट अनुभव कुणाला आला ते त्यांनाच ठाऊक! आता एक विजेवरचा आहे, कपाटासारखा. बटण दाबायचं. एक लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा, गोळ्या आपोआप पडतात. एक चिनीमातीचा, मोठ्या अंड्यासारखा, तो म्हणे गंजतच नाही. रोज जेवताना चर्चा. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते.

"विजेवरच्याला जाळी आहे?"

"आहे ना. पण ती निघते. काढून फक्त धुवायची."

"कोणी?"

"अगं आई, ती डिशवॉशरमध्ये जाते," अनिकेत म्हणतो.

"आपल्याकडे डिशवॉशर आहे?"

"नाही."

"आहेत की," मी म्हटलं. "दोन आहेत. एकीचा खांदा धरलाय."

तो कसनुसा हसला. ह्यांनी पाणी प्यायलं. मग गोळ्यांवाला. त्यात राख कमी, पण ती पंख्याने उडते आणि आत सगळीकडे बसते, म्हणून दर वेळी पुसून घ्यायची. अंड्याला गंज नाही, पण जाळी लोखंडीच. चरबी तर सगळीकडे. जगातल्या कुठल्याच कारखान्याला अजून बोकडाची चरबी काढून टाकता आलेली नाही. मी हे सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. अगं, लो-मेंटेनन्स आम्ही कुणासाठी बघतोय? पल्लवीसाठीच ना?"

पल्लवीसाठी! माझ्या कानशिलातून वाफ निघाली. पल्लवीची परीक्षा यंदाही आखाडानंतरच आहे. ती पहाटे उठते. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसते, चहा गार होऊन साय धरते, तिला पत्ता नसतो. ऑफिसातून आली की पुन्हा पुस्तक. तिच्याकडे रविवार आहेत तेवढेच. हा आखाड तिचा गेला तर परीक्षा गेली, आणि ह्या वेळी गेली तर ती पुन्हा बसेल असं मला वाटत नाही. ती म्हणेल, असू द्या आई. मला तेच "असू द्या" ऐकायची भीती वाटते. मी ठरवलं होतं की स्मोकर दारात आला तर दारातूनच परत पाठवायचा. जिन्यात उभी राहीन. भांडेन. आख्खी इमारत गोळा झाली तरी चालेल.

पण काल रात्रीच्या जेवणाला ती वेळच आली नाही.

वांग्याची भाजी होती, भाकरी होती. सगळे बसलो होतो. ह्यांनी फोन पल्लवीच्या ताटाजवळ सरकवला. दोन फोटो शेजारी शेजारी. आवाजात साखर. "बाळा, आता तूच सांग. यातला कुठला तुला सोपा पडेल? तुझ्या पसंतीनेच घेऊ."

तिने फोनकडे बघितलं. घास हातात होता, तो ताटात ठेवला.

"बाबा, मागच्या वर्षी मी नापास झाले, तेव्हा तुम्ही म्हणालात नशीब."

"हो, मग, असतंच ते."

"नशीब नव्हतं ते, बाबा," ती म्हणाली. "मी जाळ्या घासत होते."

तिचा आवाज वर गेला होता. दीड वर्षात मी तो वर गेलेला ऐकला नव्हता. तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. "चारी रविवार घासत होते. शेवटच्या पेपरात जो प्रश्न आला ना, ते पान माझ्यासाठी आईंनी उलटलं होतं. मला आठवत होतं की ते पान उलटलेलं आहे. त्यावर काय होतं ते आठवत नव्हतं. मला बैठकीत तुम्ही रविवार दिला होता, बाबा. सगळ्यांसमोर दिला होता."

अनिकेत हळू आवाजात म्हणाला, "अगं, मग तेव्हाच सांगायचं ना."

माझ्या तोंडावर आलं होतं, अगदी जिभेवर आलं होतं, पण मी जीभ दाताखाली धरली. कारण ती वळली त्याच्याकडे. "सांगायचं? तुला उठवायला आई आत आल्या होत्या. तू 'ठेवून दे' म्हणालास आणि पुन्हा आडवा झालास. तुला दिसत नव्हतं? दिसण्यासाठी सांगावं लागतं का?"

मग ती उठली. ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं, हात धुतले. खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आमच्या घरात त्या खोलीची कडी दिवसाउजेडी वा जेवणाच्या वेळी कधी लागत नाही. लागली. आणि मागोमाग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि टेबलावर पुस्तक पडल्याचा.

मला रडू आलं का? आलं. पण ते दुःखाचं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीत बुडवून खाल्ला, आणि कित्येक दिवसांनी मला वांग्याची चव लागली.

अनिकेत खाली बघून ताटातला कांदा इकडून तिकडे करत होता. आमचे हे बंद दाराकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, सूनबाईचा आवाज फार चढला. तसं नाही म्हणाले. चेहरा उतरला होता. खरंच काहीतरी आत गेलं होतं. त्यांनी फोन उचलला, त्या दोन फोटोंकडे एकदा बघितलं, आणि माझ्याकडे बघून, अगदी लहान आवाजात विचारलं, "मग... स्मोकर घ्यायचा नाही का?"

"घ्या की," मी म्हटलं. "सगळ्यात जास्त घासावा लागेल असाच घ्या. दोघंजण आहात ना तुम्ही."